केशव काकाजीची गाडी अन् दोन पॉइंट पंचेचाळीस

केशव काकाजीले शिव्या येत नाही. ट्रक चालवनाऱ्या मानसाले शिव्या येत नाही, हे आयकून तुमसरच्या मिलवर लोक हसते. पन खरं आहे. कोनी आडवी गाडी घातली तर काकाजी काच खाली करते अन् म्हनते, "दादा, असं नको करू." बस. समोरचा आनखी घाबरते. त्याले वाटते हा कोनी साहेब आहे.

मी रंजू. नाकाडोंगरीची. नववीत शाळा सोडली. सोडली तर सोडली, त्याचं रडगानं नाही. बाबा तलावात जाळे टाकते, अन् मायले वाटे मी घरी बसून मासोळ्या साफ कराव्या. मले एका जागी बसवत नाही. साऱ्या गावानं येऊन मले अक्कल शिकवली. बाजूच्या घरच्या केशव काकाजीनं फक्त इतकं विचारलं, "सकाळी गाडीत येतं का वं तुमसरले? पाहून घे काही काम भेटते तर." गेली. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात एक जुनी व्हॅन उभी राहते, गाड्यांचा धूर मोजून पीयूसीचा कागद देनारी. तठी लागली. मालक महिन्यातून दोनदा तोंड दाखवते, मशीन मीच चालवते. म्हून पहिलेच सांगून ठेवते, ह्या गोष्टीत मी काकाजीच्या बाजूनं आहो. कोनाले पटो न पटो.

काकाजीची गाडी सहा चाकी, माझ्याहून चार-पाच वर्षानं लहान. रायपूर, कटक, कोठी कोठी जाऊन आली. इतकी चालली का मीटरचे सारे आकडे नऊ-नऊ होऊन पलटले अन् पुन्हा शून्यावर आले. काकाजीनं तठीच रस्त्याच्या कडेले गाडी लावली, अन् घरी येऊन साऱ्या मोहल्ल्यात पेढे वाटले. गाडी पुन्हा जन्माले आली, म्हने. चाळीसच्या वर कधी पळवली नाही. चढावर तिले धीर देते. "चाल माय, हे एवढंच आहे."

पार्वता काकू त्या गाडीले सवत म्हनते. गंमतीनं नाही, चांगलं दात ओठ खाऊन. "लग्न होऊन इतके वर्षं झाले, मले ह्या मानसानं कधी विचारलं नाही पानी पेली का म्हून. सवतीले रोज सकाळी उठल्याबरोबर झाकन उघडून पाहते, पानी आहे का पोटात."

दसऱ्याले धम्मचक्र दिनाच्या टायमाले आमच्या गावातून नागपूरले भोजनदान जाते. तांदूळ, दाळ, मोठाले गंज-पातेले, चुलीचे लाकडं, सारं काकाजीच्या गाडीत. गाडी आली तेव्हापासून एकबी साल चुकलं नाही. आमच्या मासोळ्या धरनाऱ्या धिवर लोकायकडून बी एक पोतं तांदूळ जाते, आमी काही मांगं राहत नाही. अवंदा दसऱ्याच्या तोंडावर काकाजीच्या गाडीची पीयूसी संपली, अन् नागपूरच्या नाक्यावर कागद नसलेली गाडी वापस पाठवून राहिले होते. काकाजीचा पोरगा संघपाल नागपूरले नोकरीवर आहे, तो दोन वर्षापासून म्हनून राहिला होता का बाबा, आता गाडी भंगारात द्या, आराम करा. काकाजीनं त्याले फोनवर शब्द देऊन टाकला. "अवंदा पास नाही झाली तर देऊन टाकीन. नागपूरले जाता येत नसंन, तर कायले ठेवाची."

मग काकाजी गाडी घेऊन माझ्या व्हॅनपाशी आले. काकू बी संग होती, सवतीचा निकाल आयकाले.

आता डिझेल गाडीची तपासनी कशी राहते, तर इंजिन चांगलं गरम कराचं, सायलेन्सरमध्ये मशीनची नळी घालाची, अन् ड्रायव्हरनं एक्सलेटर एका दमात खालपर्यंत दाबाचा. सोडाचा. पुन्हा दाबाचा. मशीन धूर मोजते अन् सरासरी काढते. काकाजीच्या गाडीएवढ्या जुन्या गाडीले दोन पॉइंट पंचेचाळीसपर्यंत चालते. वर गेलं का नापास.

"दाबा काकाजी."

"दाबलं."

"अर्धंच दाबलं. मशीन म्हनते रेस कमी आहे."

"तिले लागते वं."

"कोनाले?"

"गाडीले."

काकू मांगून म्हनते, "मले ठेच लागली तेव्हा नाही दिसलं कोनाले."

शेवटी काकाजीनं डोळे मिटले, "माफ कर माय" म्हटलं, अन् दाबलं. मशीनवर आलं दोन पॉइंट एकसष्ट.

"किती आलं?"

"थोडंसंच जास्त आहे."

"थोडंसं म्हनजे?"

"म्हनजे नापास."

मले गोड बोलता येत नाही. पन काकाजीचं तोंड पाहून वाटलं, आज आलं असतं तर बरं झालं असतं.

आंबागडच्या फाट्यावर चंदनचं गॅरेज आहे. चंदन मिस्त्री हातानं चांगला आहे, तोंडानं जास्त चांगला आहे. इंजिनाले कान लावते, डोळे बारीक करते, अन् डॉक्टरसारखं "हम्म" करते. त्यानं पहिले एअर फिल्टर खोललं. इंजिनाले हवा कमी भेटली का धूर काळा येते, हे मलेबी माहीत होतं. फिल्टर बाहेर काढलं तर पांढरं फेक.

"काकाजी, तुमी गाडी मिलवर चालवता का देव्हाऱ्यात?" चंदन म्हनते. "राईस मिलवरच्या गाडीचं फिल्टर भाजलेल्या पापडासारखं निघते. हे तर कोरं धोतर आहे."

काकाजी लाजले. गॅरेजवर चहा पेत बसलेले दोन ड्रायव्हर बी म्हनाले, गाडी ठेवावी तर अशी. मी बी मान हलवली. तिघा-चौघांत कोनाच्या डोक्यात नाही आलं का इतकं कोरं काहून आहे.

तरी चंदननं फिल्टर नवीन टाकलं. दर कामानंतर आमी गाडी माझ्या व्हॅनपाशी आनून मोजली. दोन पॉइंट एकोनसाठ. मग नोझल काढले, साफ केले, प्रेशर लावून बसवले. दोन पॉइंट एकोनपन्नास. मग टाकीतलं जुनं डिझेल काढून दुसऱ्या पंपावरचं भरलं. दोन पॉइंट सत्तेचाळीस.

अन् तठी येऊन अटकलं. पुन्हा पाहिलं, सत्तेचाळीस. आनखी गरम करून पाहिलं, सत्तेचाळीस.

"पॉइंट शून्य दोन," मी म्हटलं. "एवढ्या धुरात अगरबत्ती बी नाही जळत."

"आता इंजिनाचा डिझेल पंप उतरवा लागन," चंदन म्हनते. "भंडाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये पाठवा लागन. तेवढ्यात दसरा होऊन जाईन."

काकाजी बोनेटवर हात ठेवून उभे राहिले, जसं कोनाले ताप आला का आपन पाहतो तसं. मले ते पाहवलं नाही. मी त्यायले बाजूले घेतलं.

"काकाजी, आयका. तठी नवा टेम्पो उभा आहे. नळी त्याच्यात घालते, फोटो तुमच्या गाडीच्या नंबरचा काढते. कोन पाहून राहिलं?"

"आपन कायले जाऊन राहिलो वं नागपूरले?"

"भोजनदानाले."

"तांदूळ कोन निवडते?"

"काकू. साऱ्या बाया."

"खडा राहू देते काय?"

"नाही."

"मंग कागदात कायले ठेवाचा?"

आता याले काय म्हनाल? मले इतका राग आला का बाजूच्या टेम्पोवाल्यालेच खेकसली, त्याचा काही संबंध नसून. माझ्या हातात मशीन, माझ्या हातात नळी, अन् ह्या मानसासाठी मले साधी एक लबाडी करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पार्वता काकूनं नवीन तपास लावला. "इतक्या धुळीत माखून नेली, तर कोन पास करंन? पोरगी दाखवाले नेतो तेव्हा तोंड धुवून नेतो का नाही?"

"काकू, मशीनले तोंड नाही दिसत. फक्त धूर दिसते."

"तुले काय माहीत."

मोहल्ल्यातल्या बोअरवर पाइप लावला अन् काकूनं सवतीले अंघोळ घातली. बाया आल्या, पोट्टे आले, घासनीनं चाकं घासले, काच पुसली, केबिनच्या वरून मांगून सारीकडून पानी मारलं. गाडी अशी चकाकली का आंब्याच्या झाडाखाली उभी होती ते झाडच मळकं दिसाले लागलं. मग आमी वाजत-गाजत तुमसरले. चंदनलेबी बोलावून घेतलं. नळी लावली, काकाजीनं डोळे मिटून दाबलं.

दोन पॉइंट त्र्यान्नव.

"अंघोळ घातली तर आनखी काळी झाली," काकू म्हनते. "हिचं लक्षनच खोटं. मी पहिलेपासून म्हनतो."

मले वाटलं माझी मशीनच बिघडली. म्हून पंपावर आलेला एक मेटाडोर उभा करून त्याले लावून पाहिली. बरोबर दाखवून राहिली. चंदन म्हनते, सायलेन्सरमध्ये पानी गेलं असंन, मोठ्या रस्त्यानं एक चक्कर मारून आना. काकाजी चक्कर मारून आले, चाळीसच्या स्पीडनं, म्हून आमचा चहा-नाश्ता सारा होऊन गेला. पुन्हा मोजलं. दोन पॉइंट नव्वद.

मी पायरीवर बसली अन् डोकं खाजवत विचार केला. काल सत्तेचाळीस. आज नव्वद. मधात काय झालं? कोनी पाना लावला नाही, कोनी स्क्रू फिरवला नाही. फक्त पानी मारलं. मंग पानी गेलं कोठी? ऊन असं का डांबर पायाले चिकटे, सारी गाडी खडखडीत सुकली. पन केबिनच्या मांगं एका जागी अजून थेंब पडून राहिला होता. टप. टप.

तठी एक जाड पाइप केबिनच्या वरपर्यंत उभा जाते. त्याच्या टोकाले काकाजीनं गोंडे बांधले होते, काळी वेनी, मनी, एक आरसा. ट्रकवर गोंडे कोन मोजते? साऱ्याच ट्रकवर राहते.

"चंदन दादा, इंजिन हवा कोठून घेते?"

"त्या वरच्या पाइपातून."

"त्याच्या तोंडावर काय आहे?"

"गोंडे."

"गोंड्याच्या खाली?"

चंदननं वर पाहिलं, मग काकाजीकडे पाहिलं. काकाजी पंपाच्या बोर्डावरचा भाव वाचत होते.

मी चढली. गोंडे वर सारले तर खाली लुगड्याच्या कापडाचं टोपडं, तान्ह्या पोराले घालतो तसं, नाडीवालं, ओलं गच्च. नाडी सोडली, काढलं. त्याच्या खाली आनखी एक टोपडं. ते काढलं. त्याच्या खाली आनखी. हिरवं, जांभळं, फुलाफुलाचं, काठवालं. मी वरून एकेक फेकत होती अन् चंदन खाली दोन्ही हातानं झेलत होता. त्याचे हात भरले तरी माझं वर सुरूच.

"किती आहे वं?" चंदन ओरडला.

"खतम नाही होऊन राहिले."

मिलवर कोंडा लय उडते. तठीचे ड्रायव्हर हवेच्या पाइपाले फडकं बांधते अन् आठ-पंधरा दिवसांनी काढून फेकते, ही साधी रीत आहे. पन काकाजीच्या गाडीचं फडकं काकू शिवून देते. दर वर्षी मिलवर नवा धान येन्याच्या पहिले एक नवं टोपडं, आपल्या जुन्या लुगड्याचं, दुहेरी शिवनीचं. अन् काकाजीनं एकबी जुनं काढलं नाही. जुन्याच्यावर नवं घातलं, त्याच्यावर आनखी नवं. वरून गोंडे, कोनाले दिसू नये म्हून. तेवढ्या लुगड्यातून हवा गाळून येत होती, म्हून फिल्टर कोरं. अन् त्यावर पानी पडलं तर बिचाऱ्या इंजिनाचं नाक-तोंड दोन्ही बंद.

काकूनं चंदनच्या हातातला ओला ढीग पाहिला. एक उचललं, उलटवून शिवन पाहिली.

"संघपालचे बाबा."

"हं."

"मले वाटे तुमी जुनं काढून गाडी पुसाले घेता."

"तुह्या हातचं पुसाले घेऊ काय?"

काकूनं पदर सारखा केला, जो पहिलेच सारखा होता. मग म्हनते, "येडं मानूस." पन ते असं हळूच म्हटलं का मी दुसरीकडे पाहिलं.

चंदनले कोठी कळते कधी चूप बसाचं. "काकू, तुमच्या मायेनं इंजिनाचा दम कोंडला."

"तू पहिले तोंड धुवून ये," काकू म्हनते. "इतके दिवस कान लावून बसला, वर मान करून पाहता नाही आलं?"

मी नळी घेऊन तयार. पाइपाचं तोंड मोकळं, आता तर अर्ध्या दाबात पास होईन. अन् काकाजी म्हनते, "थांब. एक टोपडं घाल."

"काहून?"

"तांदूळ मिलवरूनच भराचे आहे. तठी कोंडा राहते. मी तिले उघड्या तोंडानं नेनार नाही. जशी जाईन, तशीच मोज. काढून मोजलं अन् घालून नेलं, तर ते बी खोटंच झालं."

मले वाटलं चाकाखाली जाऊन झोपावं. चंदननं हात जोडले. "काकाजी, पॉइंट शून्य दोनसाठी आमी इतके मेलो, अन् तुमी आनखी घालाले सांगता?"

काकूनं ढीग उपसला अन् साऱ्यात खालचं, साऱ्यात जुनं टोपडं काढलं. विरून विरून त्याची चाळनी झाली होती. उन्हात धरलं तर त्यातून पेट्रोल पंप दिसला. "हे घाला. दोघाचंबी समाधान."

पिळून, झटकून, इंजिनाच्या गरम पत्र्यावर सुकवून, मी ते बांधलं. गाडी न्यूट्रलमध्ये, चाकाखाली लाकडाचे गुटके. "दाबा काकाजी."

रेस कमी.

"काकाजी, पूर्ण."

रेस कमी. आतापर्यंत नापास होत होती तर दाबता येत होतं. आता हे शेवटचं होतं, तर पायच जाईना. तिसऱ्यांदा बी मशीननं तेच लिहिलं.

"उतरा," काकू म्हनते.

"काय?"

"उतरा म्हनतो ना खाली."

त्या सीटवर काकाजीशिवाय कोनी बसलेलं मी पाहिलं नाही. संघपाल दादालेबी नाही बसू दिलं. काकाजी उतरले. काकूनं काष्टा खोचला, दांडी धरली अन् चढली. खाली पाहून विचारते, "कोनता?"

"उजव्या पायाकडचा. एकदम खालपर्यंत, मग एकदम सोडाचा."

"एवढंच?"

"एवढंच."

काकूनं दाबलं. बाप्पा. पंपावरचे कुत्रे उठून पळाले, कडुलिंबावरचे कावळे उडाले, एक ढेरपोट्या मानूस मोटरसायकलवर बसत होता तो खाली उतरला. पहिला धूर काळा भक्क, सायलेन्सरमध्ये किती वर्षाची काजळी होती कोनाले माहीत. दुसरा भुरा. मग पातळ. मग समोरची भिंत साफ दिसाले लागली. काकाजी दोन्ही कानावर हात ठेवून उभे.

मशीन थांबली. मी दोनदा पाहिलं, मग चंदनले दाखवलं, मग बटन दाबलं.

"दोन पॉइंट त्रेचाळीस. पास."

काकाजी पंपाच्या कठड्यावर बसले. चंदन म्हनते, मी सांगितलंच होतं, जे त्यानं काही सांगितलं नव्हतं. अन् गाडी अजून गरजतच होती.

"काकू, कागद निघाला. पाय काढा."

"थांब."

"झालं काकू. पास झाली."

"थांब म्हनतो ना. इतक्या वर्षाचं आहे."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमी निघालो. मांगं तांदूळ, दाळ, लाकडं अन् गंज, समोर काकाजी, काकू अन् खिडकीपाशी मी. मी जाच्या यादीत नव्हती, पन मी बसली तर मले कोन उतरवंन? कागद काकाजीनं प्लास्टिकमध्ये घालून शर्टाच्या खिशात ठेवला, अन् दर गावाले हात लावून पाहत होते आहे का.

नागपूरच्या नाक्यावर गाड्यांची रांग. पोलीस एकेकाले थांबवत होता. आमची गाडी आली, त्यानं गंज पाहिले, निळा झेंडा पाहिला, अन् हात हलवला. जा.

काकाजीनं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. खाली उतरले.

"साहेब, पीयूसी आहे."

"आहे ना? मंग जा बाबा."

"पाहून घ्या ना."

"अहो, मांगं पाहा किती गाड्या लागल्या."

"दोन पॉइंट त्रेचाळीस आहे. पंचेचाळीसपर्यंत चालते."

मांगं हॉर्न सुरू झाले. पोलिसानं कागद घेतला, काकाजीकडे पाहिलं, वर खिडकीत काकू अन् मी डोळे फाडून पाहत होतो ते पाहिलं. मग बिचाऱ्यानं खरंच वाचला. गाडीचा नंबर बी जुळवून पाहिला.

"बरोबर आहे," तो म्हनते.

"बरोबर म्हनजे पास ना?"

"पास आहे बाबा."

काकाजी वर चढले. कागद नीट घडी घालून खिशात ठेवला, गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला. थोडं पुढं गेल्यावर काकू म्हनते, "आनखी कोठी तपासते काय?"

"पुढच्या चौकात कधी कधी उभे राहते," काकाजी म्हनते.

"मंग तठीबी थांबवा," काकू म्हनते. "तठी मी उतरतो."